खुराक घेतला, झोप राहिली

कोल्हापुरात पोराला "दोन बैठका जास्त मार" म्हटलं तर कुणाची हरकत नसते. "अर्धा लिटर दूध जास्त पी" म्हटलं तर घरचे उलट खूश होतात. पण "आज काही करू नकोस, घरी जाऊन झोप" असं सांगितलं की पोरगं संशयानं बघतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई विचारायला येते, "काय भाऊ, आमच्याचं काय चुकलं काय?"

संध्याकाळच्या बॉक्सिंगच्या बॅचला मी हातभार लावतो. पोटापाण्याचा धंदा वेगळा, हे हौसेचं. येणारी पोरं-पोरी बहुतेक तालमीच्या घरातली. कुणाचा आजा गंगावेशीत मेहनत करायचा, कुणाचा चुलता मोतीबागेत. आमच्याही घरात तेच. माझे आबा, म्हणजे थोरले चुलते, तरुणपणी लाल मातीत होते. वय झालं तरी त्यांची मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते अजून नीट सांगता येत नाही. शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 साली तयार झालं. ताकद कशानं येते यावरचा वाद या गावात त्याच्याही आधीपासून सुरू असणार. बॉक्सिंग आपल्याकडं रुजलं तेव्हा या वादाचा निकाल लागलेला होता: मेहनत आणि खुराक. आम्ही तो निकाल तसाच उचलला. उचलताना त्याचा तिसरा भाग तालमीतच राहून गेला.

आबांचा तेव्हाचा दिवस त्यांच्याच तोंडून ऐकावा. पहाटे साडेतीनला उठायचं, हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा, जोर-बैठका, मग लढती. ऊन वर आलं की अंघोळ, थंडाई, आणि आडवं व्हायचं. दुपारी जेवण, परत झोप. चारला पुन्हा मेहनत. रात्री नऊच्या आत दिवा बंद. दुपारी तालमीत कुणी मोठ्यानं बोललं तर वस्ताद उठून येत, आणि वस्ताद उठून येणं ही चांगली गोष्ट नसे. शिवाय धाकट्या पोरांनी थोरल्यांचं अंग रगडायचं, तेल जिरवायचं. म्हणजे रात्रीची आणि दुपारची धरून पेहलवान दिवसातला निम्मा वेळ तरी विश्रांतीत असे, आणि त्याला आळशी म्हणायची कुणाची छाती नव्हती. बदाम, तूप, दूध हे सगळं त्या निम्म्या वेळात अंगी लागायचं.

आता आमच्या बॅचमधलं एक पोरगं बघा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. पहिली पाळी संपली की तीनच्या पुढं जिम, तिथून आमच्याकडं, आमच्याकडून घरी, जेवण, मग मोबाईल. झोपायला बारा. त्यात त्याला सांगितलं गेलं की ठोशात दम नाही, ताकद वाढव. मग चुलत्यानं ठरवून दिलेला खुराक सुरू झाला. रोज रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, तेही लिटरात. जिम रोज, सुट्टी नाही. पोरगं वाढलं. दंड भरले, शर्ट बदलले. बासष्टचं अडुसष्ट किलो झालं. पण बॅगवर त्याचा ठोसा ऐकायला मला डोळे उघडे ठेवायची गरज पडत नव्हती. आधी 'टप्' असा कोरडा आवाज यायचा, आता बॅग नुसती ढकलल्यासारखी हलायची.

पेहलवानाला सहा किलो वाढणं म्हणजे गावात पेढे. बॉक्सरला मात्र वजनाचं गणित आधी बघावं लागतं. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे गट होते 51, 57, 63.5, 71, 80, 92 आणि त्यावरचा. आता या अडुसष्टच्या पोराला कुठं बसवायचं? 63.5 ला जायचं तर साडेचार किलो उतरवायचे. 71 ला उभा राहिला तर समोर येणारा एरवी पंचाहत्तरचा असतो, स्पर्धेसाठी खाली उतरलेला, त्याचे हातही चार बोटं लांब. म्हणून बॉक्सरनं "ताकद वाढवतोय" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती किलोमागं? अंगावर चढलेलं प्रत्येक किलो नऊ मिनिटं पायांवर नाचवायचं असतं. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक-एक मिनिट.

आणि ताकद येते कुठून? दंडातून नाही. हे पोरांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण आरशात दंडच दिसतो. सरळ उजवा ठोसा मारताना मागच्या पायाचा चवडा जमीन दाबतो, टाच बाहेर फिरते, कंबर वळते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी पोहोचतो. पायाचा आणि धडाचा वाटा मोठा, हाताचा धाकटा. हात तर वाटेत सैल हवा. लागायच्या क्षणी मूठ आवळायची आणि लगेच परत ओढायची. फौंड्रीतल्या पोराचे दंड, छाती सतत ताणलेलेच असायचे, कारण आदल्या दिवशीचं बेंच प्रेस अजून उतरलेलं नसे. ताणलेला हात वेगानं जात नाही. एवढंच झालं होतं.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बैठका किती मारतंय पोरगं?" मी म्हटलं, बैठका नाही, स्क्वॉट मारतंय, वजन घेऊन, पाच-पाचच. "पाच?" आबांनी तो आकडा परत माझ्याकडं टाकला. "पाच बैठकात काय हुतंय रं?"

बैठकांबद्दल मला आदर आहे. शेकड्यानं मारल्या की पाय दमत नाहीत, श्वास लांबतो, गुडघ्याभोवतीचं सगळं घट्ट होतं. जोर तर बॉक्सरसाठी सोनंच, कारण ठोसे मारून मारून खांदे पुढं आवळले जातात आणि जोरातली ती खालून वर येणारी लाट त्यांना उघडते. पण दमदारपणा वेगळा आणि एका झटक्यात जमीन दाबायची ताकद वेगळी. दुसरी मिळवायची तर वजन जड, वेळा कमी, मधली विश्रांती भरपूर: तीन ते पाच वेळा उचलायचं, दोन-तीन मिनिटं बसायचं, पुन्हा उचलायचं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप, आणि मेडिसिन बॉल भिंतीवर आपटणं. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तासाभराच्या आत. जिममध्ये इतकं बसून राहायला पोरांना लाज वाटते, म्हणून मधल्या वेळात ती उगाच पोटाचे व्यायाम करतात.

तालमीतला एक प्रकार मात्र मी जशाच्या तसा आणला असता, जागा असती तर. हौदा उकरणं. फावडं मातीत घालायचं, गुडघे वाकवायचे, भरलेलं फावडं कमरेतून वळून बाजूला टाकायचं. ताक, तेल, हळद घालून मुरलेली ती माती जड असते. पाय दाबतोय, कंबर वळतेय, हात शेवटी: हा ठोशाचाच क्रम. डाव्या बाजूनं आणि उजव्या बाजूनं सारखं उकरणारा पेहलवान मी बघितलेला आहे, आणि त्याला ग्लोव्हज चढवून एक हूक, म्हणजे कमरेतून वळून बाजूनं मारायचा ठोसा, मारायला सांगावं असं मला फार वाटलं होतं.

दोनदाच का, तर बॉक्सिंग स्वतःच काही कमी मेहनत नाही. वरून ते फटाफट झटक्यांचं काम वाटतं, पण तीन फेऱ्यांत लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा प्राणवायूवर चालणाऱ्या इंजिनाचा असतो. झटका त्या इंजिनानं भरून दिलेल्या साठ्यातून निघतो. तिसऱ्या फेरीत हात खाली येतात ते दंड बारीक म्हणून नव्हे, साठा भरायला उशीर होतोय म्हणून. त्यामुळं रंकाळ्याला पहाटेची फेरी, दोरीच्या उड्या, पॅडवरच्या फेऱ्या हे सोडून चालत नाही. मग वजनं कुठं बसवायची? आम्ही ती स्पॅरिंगच्याच, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या, दिवशी ठेवतो, कामावरून आल्यावर आधी वजनं, काहीतरी खाऊन दोन-तीन तासांनी स्पॅरिंग, किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. लोकांना हे उलटं वाटतं. पण अवघड दिवस पुरता अवघड केला की सोपा दिवस खरंच सोपा ठेवता येतो. सहाही दिवस मध्यम अवघड, ही जी आपल्याकडची सवय आहे, तिच्यात पोरगं कधी पूर्ण ताकदीनं मारत नाही आणि कधी पूर्ण मोकळंही होत नाही.

आता खाणं. यावर कोल्हापूरकराशी बोलायला धाडस लागतं.

म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात, हे उत्तम. पण त्याच लिटरात साठ-सत्तर ग्रॅम स्निग्धांशही असतो आणि सगळं मिळून हजाराच्या आसपास कॅलरी. हौद्यात दोन वेळा घाम गाळणाऱ्या नव्वद किलोच्या पेहलवानाला ते जिरतं. बासष्ट किलोच्या पोराचं पोट सुटतं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागं 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे साठ किलोच्या पोराला शंभर ते एकशेवीस ग्रॅम. अर्धा लिटर दूध, चार अंडी, रात्री दीडशे ग्रॅम चिकन, दुपारी डब्यात मटकीची उसळ आणि भाकरी, मध्ये मूठभर शेंगदाणे: बेरीज करून बघा, होते. डब्याच्या बाहेर काही विकत आणायची गरज पडत नाही. पावडर वाईट नाही, पण तिच्या डब्याला पगाराचा केवढा हिस्सा जातो ते फौंड्रीतल्या पोराला विचारा.

एक कटू गोष्ट सांगून टाकतो. प्रथिनं फोडीत असतात, रश्श्यात नव्हे. पांढऱ्याच्या पाच वाट्या ओढून "आज लई प्रोटीन झालं" म्हणणारे माझ्या माहितीत आहेत. पांढरा रस्सा प्यावा, जरूर प्यावा, मीही पितो. पण तो नारळाचं दूध आणि मटणाचं पाणी आहे हे लक्षात ठेवून. तांबड्याची तर्री स्पॅरिंगच्या दुपारी टाळावी. कारण सांगत बसत नाही, ज्यानं एकदा पोटात ठोसा घेतलाय त्याला कळेल.

याच्या उलट टोकाची पोरंही आहेत. रील बघून भात सोडतात, भाकरी अर्ध्यावर आणतात आणि मग तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढं अंधारी. साठा भरायचा तो पिठूळ अन्नातूनच. सराव चांगला असेल तर किलोमागं पाच ते सात ग्रॅम कर्बोदकं लागतात, साठ किलोला तीन-चारशे ग्रॅम. भाकऱ्या, भात, केळी यांतून ते सहज येतं. सराव संपल्यावर गूळ-शेंगदाणे मी स्वतः पोरांच्या हातावर ठेवतो. गुळाच्या गावात राहून एनर्जी बार चघळणं मला तरी जमत नाही.

पाणी मोजायचा सोपा मार्ग वजनकाटा. सरावाआधी आणि नंतर वजन करायचं. जितकं कमी भरलं, तितका घाम. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, थोडं मीठ पोटात जाईल असं बघून. अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घटलं की दम आणि डोकं दोन्ही मंदावायला लागतं. भट्टीसमोर पाळी करून येणारा तर आमच्याकडं पोहोचतो तेव्हाच कोरडा असतो. त्याला पहिली पंधरा मिनिटं नुसतं बसवून पाणी द्यायचं असं आता ठरलंय.

आणि म्हणूनच स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडून, प्लास्टिकचा कोट घालून वजन उतरवायचा जो प्रकार आहे, त्याची मला चीड आहे. विनेश फोगट पॅरिसला 50 किलोच्या अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅमनं बाद झाली, ते सगळ्या देशानं बघितलं. रात्रभर झोप नाही, पाणी नाही, एवढं करून शंभर ग्रॅम. ती जगातल्या पहिल्या फळीची मल्ल, मागं डॉक्टर-प्रशिक्षकांचा ताफा. जिल्हा स्पर्धेतल्या सोळा वर्षांच्या पोरीनं तेच करावं आणि मग कोरड्या अंगानं डोक्यावर ठोसे घ्यावेत? वजन उतरवायचं असेल तर दोन महिने आधी ठरवा, आठवड्याला अर्धा किलो, आणि प्रथिनं तेवढीच ठेवून. नाही जमलं तर वरच्या गटात खेळा, हरा. डोकं शाबूत घेऊन घरी या.

खाशाबा जाधवांची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून दिलेले पैसे, 1952 चं हेलसिंकी, 57 किलो गटातलं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गोष्ट सांगणारे पैशांशी थांबतात. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त बोचतो. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती संपली आणि खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला आपला कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा हरले. इशीनं सोनं नेलं, मामादबेयोव्हनं रुपं. अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं यावर खासबागेच्या कट्ट्यावर अजून बोलता येईल, पण त्या अर्ध्या तासाला नियमात जागा होती ती उगाच नाही.

विश्रांती म्हणजे व्यायाम बंद असलेला वेळ, असं पोरांना वाटतं. खरं तर जड वजन उचललं की स्नायूला तेवढ्यापुरती इजा होते आणि पुढचा दिवसभर, कधी दोन दिवस, तो स्वतःला बांधत बसतो. बांधकामाचं सामान खाण्यातून येतं आणि मोठं काम रात्री चालतं. गाढ झोपेच्या पहिल्या काही तासांत वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सुटतं. झोपायची वेळ रोज पुढं ढकलली, पाचच तास मिळाले, की खुराक असूनही गवंडी निम्माच राबतो. इथं आबांचा एक मुद्दा मला मान्य करावाच लागला. दुधातल्या प्रथिनांपैकी ऐंशी टक्के केसीन, हळूहळू पचणारं. म्हणजे रात्री झोपताना दूध, हा तालमीचा रिवाज अगदी बरोबर. फक्त लिटर नव्हे, एक मोठा पेला. कट्ट्यावरून परतताना तासभर चौकात उभं राहायचं नाही.

थकवा ओळखायला यंत्र लागत नाही. सकाळी अंथरुणातच मनगटावर नाडी मोजायची. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दोन-तीन दिवस टिकले तर त्या दिवशी वजनं नाहीत. त्याहून आधी मला दिसतं ते पाऊल. ताजं पोरगं जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून मागं सरकतं तेव्हा मागचा पाय आधी निघतो. थकलेल्या पोराचा पाय जमिनीला चिकटतो, धड मागं जातं आणि पाय उरतो. मग हनुवटी वर येते. असं दिसलं की मी पॅड खाली ठेवतो. काही पोरं चिडतात, आणि चिडणं हेही थकव्याचंच एक लक्षण आहे.

डोक्यावर बसलेल्या माराला तर वाटाघाटच नाही. नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान 30 दिवस स्पर्धाही नाही आणि स्पॅरिंगही नाही, असा हौशी बॉक्सिंगचा नियम आहे. पुन्हा झालं तर मुदत वाढत जाते. कोल्हापुरात "पडला तर उठून लढ" याला टाळ्या पडतात. कुस्तीत पाठ लागते, डोकं लागत नाही, एवढा फरक प्रेक्षकांनी समजून घ्यायला हवा.

फौंड्रीतल्या पोराचं म्हणाल तर त्याची रोजची जिम आठवड्यातून दोन दिवसांवर आली. दूध पेल्यावर आलं. चुलता काही दिवस बोलला नाही, आईनं मला रस्त्यात गाठून "पोराला उपाशी मारालाईसा काय?" विचारून घेतलं. वजन हळूहळू उतरतंय आणि स्क्वॉटचा आकडा खाली आलेला नाही, उलट वाढलाय. अडचण उरलीय ती रात्रपाळीची. दर तिसऱ्या आठवड्याला ती येते आणि त्या आठवड्यात कुठलंच गणित बसत नाही. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप लागत नाही, गल्लीत भाजीवाले, शेजारी टीव्ही. सध्या त्या आठवड्यात वजनं पूर्ण बंद ठेवलीत, दोनच हलके सराव, बाकी खिडकीला काळं कापड आणि मोबाईल आईच्या ताब्यात. सुपरवायझरकडं पाळी बदलून मागितलीय. तो स्वतः तालमीतला आहे म्हणे, त्यामुळं पोराला वाटतं की तो ऐकेल. आबांना मात्र शंका आहे. "त्यो इचारल, झोपायला पाळी कशाला बदलायची? मेहनतीला मागिटली असती तर दिली असती."